सात वाघांची गुंडाळी

दुपारच्या जेवणाचा भोंगा झाला की महाराजपूरच्या त्या दोन खोल्यांत तासभर शांतता उतरायची. हेमू झोळीत, सासूबाई चटईवर, आणि नवरा, अच्युत, तिकडे फॅक्टरीत डब्यापाशी. हा तास इंदूचा. एरवी ती दाराच्या फटीतून येणाऱ्या झुळकेकडे पाय करून नुसती पडून राहायची. आज मात्र तिनं खिडकीचं एक ढिलं तावदान काढून दोन ट्रंकांवर आडवं टाकलं होतं. डिसेंबरात, लढाईच्या दिवसांत, ब्लॅकआउटसाठी त्याच्यावर खाकी कागद चिकटवला होता. लढाई संपून पाच महिने झाले, बांगलादेश होऊन गेला, तरी तो कागद काढायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. सकाळी तिनं ओल्या फडक्यानं आणि नखानं तो खरवडून काढला होता. तावदानाखाली बल्ब लावला, वर कागद पसरला, आणि नाकावरचा घाम पदरानं टिपून ती वाघाच्या पंजावर रेघ ओढायला बसली.

कागद अण्णांचे होते. अण्णा म्हणजे इंदूचे वडील, पुंडलिक. मंडल्याकडच्या जंगलात नाकेदार. जंगलाचा एक तुकडा त्यांच्या नावावर. त्यातलं झाड, वाट, पाणी, जनावर सगळ्याची राखण त्यांच्या दोन पायांवर. एकतीस वर्षं झाली होती, पुढच्या मार्चात रिटायर. शुक्रवारी संध्याकाळी ते मंडल्याच्या बसनं आले, ते काखेत मेणकापडाची गुंडाळी घेऊनच. पाणी प्यायच्या आधी त्यांनी ती इंदूच्या हातात दिली होती.

"बाई, माझं एक काम कर. आजवर तुला काही मागितलं नाही."

खरंच नव्हतं मागितलं.

देशभर वाघांची मोजणी चालू होती. जिथं पावलाचा ठसा दिसेल तिथं त्यावर काच धरायची, काचेवर मेणाच्या पेन्सिलीनं ठसा उतरवायचा, मग तो कागदावर घ्यायचा. अण्णांनी आठवडाभर पहाटे उठून ठसे घेतले होते. पण डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला, त्यामुळे कागदावरच्या रेघा कापऱ्या झाल्या होत्या, कुठं दुहेरी. असे कागद साहेबासमोर ठेवायची त्यांना लाज वाटत होती. सोमवारी मंडल्याच्या ऑफिसात द्यायचे होते. आणि इंदू तर फॅक्टरीच्या ड्रॉइंग ऑफिसात तीन वर्षं ट्रेसर होती. हेमूच्या वेळी घरी बसली, एवढंच. साहेबांच्या पेन्सिलीच्या ड्रॉइंगवर पारदर्शक कागद ठेवून शाईनं रेघ न् रेघ उतरवायची, हे तिचं काम. तिच्या हातची रेघ केसासारखी यायची.

"किती वाघ, अण्णा?" अच्युतनं जेवताना विचारलं होतं.

"सात." अण्णांनी भाकरीचा तुकडा हातात धरूनच सांगितलं. आवाजात असा काही उजेड होता की इंदूनं वाढता वाढता मान वर केली. "साहेब सांगून राहिले होते, जिथं वाघ बरे असतील ती जंगलं आता सरकार राखणार. आमच्या नाल्याकडचा पट्टा येत्या हिवाळ्यात तोडीला काढलाय. सगळी सालईची, साजाची झाडं. सात वाघ आहेत म्हटल्यावर कोण हात लावते?"

सासूबाईंनी, म्हणजे अनसूयाबाईंनी, तेवढ्यात आपला जुना धागा ओढला. "ते सगळं खरं व्याहीबुवा. पण सात-सात वाघांचे मालक तुम्ही, अन् नातवाच्या गळ्यात एक वाघनख नाही. काहून? लोक हसतात मला."

"नखं त्याला लागतात, ताई," अण्णा म्हणाले. "तो काय चमच्यानं जेवते?"

अच्युतला ठसका लागला. सासूबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी व्याह्यांच्या पानात तुपाची धार जरा जास्तच सोडली.

तर आता ती शाई. इंदूनं पितळी कोपऱ्यांची पेटी उघडली आणि दोन पात्यांच्या चिमटीत शाई धरणारा पेन काढला. ही पेटीही वाघाचीच म्हणायची. इंदू दहा वर्षांची असताना कलकत्त्याचा एक साहेब परमिट काढून शिकारीला आला होता. तेव्हा तसंच होतं. शिकार बंद होऊन आता कुठं दोन वर्षं झाली. नाकेदारानं आमिषाला रेडा बांधायचा, गावचे लोक जमवून आरडाओरड्याचा हाका घालायचा, आणि वाघ साहेबाच्या मचाणाखाली आणून सोडायचा. साहेबाला नऊ फुटी नर मिळाला. खूष होऊन तो म्हणाला, मांगो, क्या चाहिए. अण्णा म्हणाले, हुजूर, लडकी को ड्रॉइंग का शौक है. महिन्याभरानं पार्सल आलं.

त्या पेटीवर इंदू शिकली. त्या पेटीमुळे फॅक्टरीत लागली. एका गियरच्या ड्रॉइंगवरचं माप विचारायला मशीन शॉपमधला एक लाजरा मुलगा तिच्या टेबलापाशी आला आणि मग रोजच त्याला कुठलं तरी माप कळेनासं झालं, तेही त्या पेटीमुळेच. झोळीत घोरत असलेला हेमूसुद्धा हिशेबानं तिथलाच. इंदूला हे कधी कधी आठवायचं आणि तिला वाटायचं, कुणाला तरी हात जोडायला हवेत. पण कुणाला, ते कळायचं नाही. साहेबाला तर नक्कीच नाही.

भोंगा परत झाला. चार पंजे उतरवून झाले होते. झोळी हलली.

"उठले राजे," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

हेमू तेरा महिन्यांचा. नुकताच चालायला लागलेला, म्हणजे पळायलाच. चालणं त्याला अजून येत नव्हतं. अंगणात नळाखाली इंदूनं त्याला आंघोळ घातली. टॉवेल घेईपर्यंत तो निसटला. नळाजवळच्या चिखलातून गेला, तसाच उलटा फिरून पाण्याच्या घमेल्यात उभा राहिला, आणि ओल्या पायांनी फरशीवरून थेट आत. आत सासूबाई संध्याकाळचं पीठ चाळत होत्या. राजे पिठातून गेले.

"माय वो!" सासूबाईंनी चाळणी ठेवली आणि कपाळाला हात लावला. हात पिठाचा, कपाळही पांढरं झालं. "पाहून घे इंदू, तुझ्या लेकाचे पराक्रम. अंगणात तो जाडा पाय, फरशीवर हा पसरट, पिठात हा एवढासा. एखाद्याला वाटायचं, तीन घरची तीन पोरं येऊन नाचून गेली!"

इंदू हसत हसत वाकली, हेमूला उचलायला. आणि वाकलेलीच राहिली.

खरंच तीन पोरांचे पाय दिसत होते. चिखलात बोटं फाकलेली, पाऊल रुंद, खोल. फरशीवर पाण्यानं कड सांडून मोठं केलेलं. पिठात कसं नाजूक, रेखीव. पण तिन्ही ठिकाणी डाव्या पायाची करंगळी जमिनीला टेकलीच नव्हती. ती शेजारच्या बोटावर चढलेली होती. हेमूची जन्मापासूनच तशी. सासूबाई पहिल्या दिवशीच म्हणाल्या होत्या, बोट थेट आजोबावर गेलं म्हणून.

हेमूला तिनं पिठासकट सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि आतल्या खोलीत गेली.

सातही वाघांचे मागचे डावे पंजे तिनं ओळीनं जमिनीवर मांडले. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात अण्णांनी जागा आणि जमीन लिहिली होती. नाला, रेती. गाडीवाट, धूळ. डोह, चिखल. ट्रेसरच्या डोळ्याला एक खोड असते: तो रेघ पाहतो, वस्तू पाहत नाही. चार पंजे तिनं शाईनं उतरवले आणि एकही पंजा बघितला नव्हता. आता बघितला. पहिला, चिखलातला, चौरस आणि आडदांड; पाचवा, धुळीतला, लहान आणि लांबट. पण बाहेरचं बोट दोन्हींत आतल्या बाजूला कललेलं, जणू शेजारच्या बोटाच्या कानात काही सांगत असावं. तिसऱ्या कागदावर तेच. चौथ्यावर, सहाव्यावर तेच. दुसरा आणि सातवा मात्र वेगळे. बोटं सरळ, आणि दोघं एकमेकांसारखे.

पाच कागद, एक जनावर. दोन कागद, एक जनावर.

इंदूनं दाराबाहेर पाहिलं. बाहेर अंगणात अण्णा बाजेवर उताणे झोपले होते, तोंडावर टोपी. सात वाघांचा धनी. धोतराखालून त्यांचा डावा पाय बाहेर आला होता, करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली.

संध्याकाळी अच्युत आला. सायकल भिंतीला टेकवतानाच त्याला तिचा चेहरा दिसला. अण्णा हेमूला खांद्यावर घेऊन अधारतालच्या तळ्यापर्यंत फिरायला गेले होते, म्हणून तिनं सगळं भराभर सांगून टाकलं.

"मग?" तो म्हणाला.

"मग काय? तुम्हीच सांगा. सात म्हणून सोडून दिलं तर कुणाला कळणार आहे? जंगल वाचते. अण्णांचा शब्द राहते. मला त्यांनी रेघ मारायला सांगितलं, वाघ मोजायला नाही."

अच्युतनं तेलकट हात साबणानं दोनदा धुतले. त्याची ती सवयच. विचार करायचा असला की हात धुवायचा. "तुमच्या ऑफिसात काय नियम होता गं? साहेबाच्या ड्रॉइंगमध्ये ट्रेसरला चूक दिसली तर?"

इंदूला तिथल्या हेड ट्रेसर बाईंचा करडा आवाज आठवला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिचा कान धरून सांगितलं होतं. चूक दिसली तर दुरुस्त करायची नाही, तो तुझा हक्क नाही. गप्प बसायचं नाही, कारण त्या ड्रॉइंगवर पुढं तोफेचा गाडा उभा राहणार आहे. पेन्सिलीनं हलकासा गोल करायचा, बाजूला प्रश्नचिन्ह घालायचं, आणि कागद साहेबाच्या टेबलावर ठेवून यायचं.

"पण हे साहेब नाहीत," ती म्हणाली. "अण्णा आहेत."

"म्हणून तर," अच्युत म्हणाला. "साहेब रागावला असता."

रात्रीच्या जेवणाआधी इंदूनं पाच कागदांवर पाच गोल केले, इतके हलके की फुंकर घातली तर उडावेत. पाच प्रश्नचिन्हं घातली. दुसऱ्या दिवशी, रविवारी, अण्णांच्या चहाच्या कपाशेजारी तिनं ते कागद नुसते ठेवले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली.

अंगणातून कागदांची सळसळ आली. मग बाजेची करकर. तिनं डोकावून पाहिलं. अण्णांनी कागद बाजेवर ओळीनं लावले होते आणि भिंग घेऊन ते एकेकावर ओणवे होत होते, उजव्या डोळ्यानं. पाचव्यापाशी पोचले, पुन्हा पहिल्याकडे आले. चहावर साय धरली होती.

"व्याहीबुवा, चहा गार होऊन राहिला," सासूबाई म्हणाल्या.

अण्णा उठले, चपला घातल्या आणि बाहेर पडले.

"काय झालं गं? काही बोललीस का त्यांना?"

"नाही, आई. काहीच नाही बोलले."

"मग तेच लागलं असेल," सासूबाई म्हणाल्या, आणि हेमूला उचलून घेत, "जा, तुझं ते तावदान मांडून बस. याला मी पाहते. दिवसभर पाहते. उद्याची बस काही थांबत नाही." सासूबाईंना कागदांतलं काही माहीत नव्हतं. तरी त्या मिनिटाला त्यांनी मूल काखेत घेतलं, याचं इंदूला इतकं बरं वाटलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं त्याचा दोष चुलीच्या धुराला दिला.

अण्णा अकराच्या उन्हात परतले. डोक्यावरून पाणी ओतून घेतलं आणि खोलीच्या उंबऱ्यात बसले, लेकीकडे पाठ करून.

"बोट तिरकंच आहे," ते म्हणाले. "मला दिसलं नाही, असं सांगू शकतो. डोळा आहे बिघडलेला, कोणी काही म्हणायचं नाही. पण तसं नाही, बाई. चिखलातला ठसा पाहिला, तेव्हाच शंका आली होती. मी म्हटलं, नाही, हा दुसराच. दुसराच असला पाहिजे."

इंदूनं पेन खाली ठेवला.

"मी गेलो त्या जंगलात तेव्हा सातच्या वर होते. पहाटे गाडीवाटेवर पाय ठेवायला जागा नसायची, इतके ठसे. अकरा वाघांचा हाका मी स्वतः उभा केला. अकरा. प्रत्येक वेळी वाटायचं, जंगल मोठं आहे, एक गेला तर दुसरा येते. येतही होता. मग एका वर्षी नाही आला." त्यांनी कपाळावरून ओघळणारं पाणी पुसलं. "त्यांच्यावर तर आपलं घर चाललं. तुझी ती पेटी. मला वाटलं, जाता जाता सात लिहून देतो. त्यांचे त्यांना परत केल्यासारखं."

इंदू उठली आणि त्यांच्या शेजारी उंबऱ्यात बसली, लहानपणी नाक्यावरच्या घरात बसायची तशी.

"अण्णा, सात लिहिले तर साहेब काय म्हणतील?"

"म्हणतील, शाबास."

"अन् मग? भरपूर आहेत म्हणतील ना. घाई काय आहे म्हणतील. तुम्हीच म्हणायचे ना, एक गेला तर दुसरा येते."

अण्णांनी तिच्याकडे वळून पाहिलं. मग गालांत हसले, बऱ्याच दिवसांनी. "फॅक्टरीनं शहाणी करून ठेवली तुला."

"फॅक्टरीनं नाही. हेमूनं." आणि तिनं पिठाची गोष्ट सांगितली. अण्णांनी आपला डावा पाय पुढं केला, ते बोट बघितलं, आणि मान हलवत राहिले.

मग ते एकदम कामाला लागले. उरलेले दोन एकाच नराचे म्हणून बाजूला ठेवले, पाचही कागद एकत्र घेतले, मागेपुढे केले. "म्हणजे ही मादी. चिखलात पंजा पसरला, म्हणून मी नर समजलो. बुधवारी डोहावर, गुरुवारी नाल्यात, शुक्रवारी पुन्हा..." बोलता बोलता त्यांचा हात गुंडाळीकडे गेला. गुंडाळीच्या तळाशी एक बारकं पाकीट होतं, इंदूनं अजून न उघडलेलं. वर अण्णांच्याच अक्षरात: बिबट. नाला, गुरुवार.

त्यांनी त्यातले दोन लहान ठसे काढले आणि वाघिणीच्या नाल्यातल्या ठशाशेजारी ठेवले.

"बाई," ते कुजबुजले, "हे तिच्या पावलांच्या शेजारचेच आहेत. एकाच रेतीत, हातभर अंतरावर, सारखेच ताजे. मी म्हटलं, डोहावर नर आहे, नाल्यात दुसरी कुणी. तर हा बिबट्या मागून येऊन गेला असेल. पण ती दुसरी कुणी नाहीच. तीच आहे. बुधवारी डोहावर, गुरुवारी नाल्यात, तिथून हलत नाही. काहून हलत नाही? अन् तिच्या इतक्या जवळून बिबट्या चालेल? जिवंत राहील तो?" त्यांनी भिंग ठशाच्या अगदी जवळ नेलं. "गादी बघ, बोटांच्या मानानं केवढी मोठी. हा बिबट नाही. अन् एक नाही. या एकाची टाच वेगळी आहे. दोन आहेत. दोन पिल्लं, बाई! मी सात मोजत बसलो अन् तिची पिल्लं बिबट्याच्या खात्यात टाकून आलो!"

त्यांचा आवाज ऐकून सासूबाई हेमूला घेऊन दारात आल्या. काय झालं ते अण्णांनी त्यांना दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा हातवारे करून. सासूबाईंनी दोन्ही वेळा नीट ऐकलं.

"म्हणजे बाळंतीण आहे म्हणा की," त्या म्हणाल्या. आणि जरा थांबून, अगदी घरच्या काळजीनं, "एवढ्या उन्हाळ्यात पाणी आहे का त्या डोहाला?"

"आहे, ताई. जूनपर्यंत पुरते."

"अच्छा. मग ठीक."

दिवसभर इंदू बसली. सासूबाईंनी स्वयंपाक केला, हेमूला भरवलं, झोपवलं, तो उठल्यावर त्याला घेऊन शेजारी गेल्या. अच्युत रविवारचा ओव्हरटाइम करून आला, तो शहरातल्याच गोरखपूर भागातल्या बाजारातून शाईची नवी बाटली घेऊनच. कागदांवर त्यानं नजर टाकली, बिबट खोडून पिल्लू लिहिलेलं वाचलं, आणि बायकोकडे पाहून नुसत्या भुवया उडवल्या. दिवेलागणीला शेवटचा ठसा उतरला. पिल्लाचा पंजा उतरवताना तिचा हात हलका झाला होता, झोपलेल्या लेकराच्या कपाळावर तीट लावावी तसा.

मोजणीचा तक्ता अण्णांनी स्वतः भरला. तिथं त्यांनी तिला रेघही मारू दिली नाही. नर एक. मादी एक. पिल्लं दोन. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: मादी नाल्यावरच राहते. या पट्ट्यात तोड झाल्यास पिल्लं जगणार नाहीत. खाली सही केली, पूर्ण नावाची.

"कापलं नाल्यावरचं जंगल तरी?" निघताना इंदूनं विचारलंच.

"तर निदान खोटं बोलून कापू दिलं नाही, एवढं राहील," अण्णा म्हणाले. "पण थांबवतील, असं वाटून राहिलं मला. दोन म्हटल्यावर माणूस दचकते."

सासूबाईंनी दशम्यांचं फडकं त्यांच्या हाती दिलं. हेमूच्या गळ्यात त्यांनी सकाळीच काळा दोरा बांधला होता, त्यात एक तांब्याचं पान. वाघनखाचं नाव त्यांनी काढलं नाही. अण्णांनी ते पाहिलं, विहीणबाईंना वाकून नमस्कार केला. त्या लाजून मागं सरल्या. "हे काय भलतंच! चलो, बस जाईल तुमची."

पत्र आलं दिवाळीच्या आधी, पोस्टकार्ड. नाल्याकडचा पट्टा या वर्षी तोडीतून वगळला. पुढच्या वर्षाचं साहेब पुढच्या वर्षी बघणार. दोन्ही पिल्लं पावसाळ्यातून निघाली. परवा पहाटे गाडीवाटेवर तिघांचे ठसे दिसले, मोठीचं बोट अजून तिरकंच आहे. हेमूचं कसं आहे?

इंदूनं ते चुलीपुढं बसून मोठ्यानं वाचलं. दुपारचा भोंगा नुकताच झाला होता. हेमू झोळीतून एक पाय बाहेर काढून झोपला होता. तिनं त्या पायाला हळूच हात लावला, आणि मग तोच हात, कुणी पाहत नाहीसं पाहून, फळीवरच्या पेटीला लावून कपाळाशी नेला.

"लिहून टाक," सासूबाई चटईवरून डोळे मिटूनच म्हणाल्या, "आमच्याकडेही तिरकंच आहे म्हणून. अन् विचार, त्या बाळंतिणीला आता कितवा महिना."